सोसायटीत गाड्या भरधाव जातात, रबरी बंप टाकावेत का?

तुमच्या भायलीच्या सोसायटीत गाड्या जोरात जातात, मुलं रस्त्यावर खेळतात आणि कमिटी रबरी बंप ठोकायला निघालीय. हे योग्य का, असं तुम्ही विचारलंय. मी वडोदऱ्यातच, कारेलीबागेतल्या जुन्या टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र बैठ्या घरांच्या, सोसायटीच्या कमिटीत आहे. माझ्या मते बंप टाकावेत, पण सगळ्यात शेवटी.

आधी रस्ता कोणाचा ते बघा. कॉर्पोरेशनचा असेल तर परस्पर बंप टाकता येत नाही, वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या. सोसायटीचा असेल तर जनरल मीटिंगमध्ये ठराव करा.

बाजारातली अरुंद रबरी पट्टी मला मुळीच पटत नाही. जोरात आलेली मोटार तिच्यावरून सहज निघून जाते, आणि हळू जाणाऱ्या स्कूटरवरच्या आजींच्या कंबरेला मात्र हिसका बसतो. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने सुचवलेला बंप गोलसर, गाडी जाते त्या दिशेने ३.७ मीटर रुंद आणि जेमतेम १० सेंटीमीटर उंच असतो. ताशी २५ किलोमीटरने तो सुखाने ओलांडता येतो. करायचाच तर तसा करा, काळे-पांढरे पट्टे मारा आणि वर दिवा असू द्या.

खरी गोम सरळ, मोकळ्या रस्त्यात असते. रस्ता मोकळा दिसला की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर पडतो. म्हणून पार्किंग थोडं डावीकडे, पुढे थोडं उजवीकडे, असं आखून घ्या. मध्ये जड कुंड्या ठेवा. रस्ता नागमोडी झाला की वेग उतरतो. फक्त ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेडची गाडी जाईल एवढी वाट सोडा, आणि कोपऱ्यावर मुलं झाकली जातील असं काही ठेवू नका. ताशी ४० ने येणारी गाडी, चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच, साधारण ११ मीटर पुढे आलेली असते. २० ने येणारी त्याच्या निम्मी. ब्रेक लागल्यावरचं अंतर तर वेग दुप्पट झाला की चौपट होतं.

आता नाजूक भाग. जोरात चालवणारे बहुतेक आपल्याच घरचे असतात, त्यातही पंधरा-सोळा वर्षांची मुलं. नोटीस बोर्डावर नावं लावू नका, घरी जा. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९अ आलं: अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. चहा घेता घेता हे शांतपणे सांगितलं की पालक स्वतःच किल्ली काढून घेतात. कमिटीच्या शंभर-दोनशेच्या दंडाने नुसती भांडणं होतात.

डिलिव्हरीवाल्या पोरांवर ओरडू नका. घर सापडत नाही म्हणून ती गल्ल्यांतून घिरट्या घालतात. गेटवर घर नंबरांचा मोठा नकाशा लावा, प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी बाण रंगवा.

आणि उत्तरायणाचे, म्हणजे पतंगांच्या सणाचे, दोन्ही दिवस, १४ आणि १५ जानेवारी, मुलं आकाशाकडे बघत धावतात. त्या दिवशी कॉमन प्लॉटसमोरचा, म्हणजे सोसायटीच्या सामाईक मैदानासमोरचा, रस्ता सकाळपासून बंदच ठेवा, गाड्या मागच्या गेटने काढा. नवरात्रीत गरबा संपेपर्यंतही तसंच.