ग्वाल्हेरकडे मधमाशा पाळायला मोठी पेटी हवी आहे, डाडांट बनवून घेऊ की साधी लँगस्ट्रॉथच बरी?

तुम्ही लिहिलंय की घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शेत डबरा गावाच्या बाजूला, मेलिफेराच्या (युरोपियन मधमाशीच्या) थोड्या कॉलन्यांपासून सुरुवात करायची आहे, पेट्या वर्षभर जागेवरच राहणार, आणि रशियन-युक्रेनियन व्हिडिओ बघून खोल फ्रेमची (फ्रेम म्हणजे माशा पोळं बांधतात ती लाकडी चौकट) डाडांट पेटी सुताराकडून करून घ्यावी असं वाटतंय. मी मुरैना रोडला मेलिफेराच पाळतो त्यामुळे इथल्या हवेच्या हिशोबाने माझं मत सरळ सांगतो. पेटी मोठी करा, बिनधास्त करा, पण फ्रेम मोठी करू नका. फ्रेम लँगस्ट्रॉथचीच, म्हणजे आपल्या बाजारातल्या साध्या पेटीची, ठेवा.

आता का ते सांगतो. लँगस्ट्रॉथची फ्रेम 448 मिमी लांब आणि 232 मिमी उंच, जम्बो किंवा अमेरिकन डाडांटची लांबी तीच पण उंची 286 च्या आसपास, आणि तुम्ही जे व्हिडिओ बघताय त्यातली 435 बाय 300. म्हणजे एका फ्रेममागे साधारण चौथा हिस्सा जागा जास्त मिळते. तिकडे याचा खरोखर उपयोग आहे, चार-पाच महिने बाहेर एक फूल नाही, माशा एकत्र गोळा होऊन बसतात आणि साठवलेला मध खात खात हळूहळू वर सरकतात, मग पोळं उंच आणि सलग असलं की मध्ये फट ओलांडावी लागत नाही आणि गारठ्यात माशा उपाशी मरत नाहीत. पण आपल्याकडे उलटं आहे ना! डिसेंबर-जानेवारीत धुकं पडतं, सकाळी माशा बाहेर पडत नाहीत हे खरं, पण त्याच दिवसांत सरसों (मोहरी) फुललेली असते, दुपारी ऊन आलं की मुरैना-भिंडपर्यंत सगळीकडे पिवळंच पिवळं. आपला हिवाळा म्हणजे माशांची पंगत. ज्या त्रासावर खोल फ्रेम हा इलाज आहे तो त्रास आपल्याला नाहीच.

आपला त्रास मे-जूनचा. पारा 45 च्या वर जातो, आणि माशांना पिल्लांजवळचं तापमान 34-35 अंशांवर धरून ठेवायचं असतं, त्यासाठी त्या पाणी आणून पोळ्यावर पसरवतात आणि पंखांनी वारा घालतात. मेण वितळतं 62-64 अंशांना पण मऊ त्याच्या खूप आधी पडतं, अशा वेळी नवं पांढरं पोळं, त्यात मध भरलेला, तारा नीट ताणलेल्या नाहीत आणि पेटीवर दुपारचं ऊन, की पोळं स्वतःच्याच वजनाने खाली बसतं. जितकं उंच पोळं तितका धोका जास्त. मध खाली सांडतो, माशा त्यात बुडतात, कधी राणीही जाते, वास लागला की शेजारच्या पेट्यांतल्या माशा लुटायला येतात, मुंग्या येतात, आणि एका दुपारीत चांगली कॉलनी संपते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि व्हिडिओवाले हे सांगणार नाहीत कारण त्यांच्याकडे असं ऊन नसतं.

दुसरं म्हणजे बाजार. तुम्ही कॉलनी विकत घ्याल ती लँगस्ट्रॉथच्या फ्रेमवरच मिळेल, मेणपत्रा (ज्यावर माशा पोळं बांधतात तो मेणाचा पत्रा) त्याच मापाचा, मध काढायचं मशीन त्याच मापाचं, राणीची जाळी (जिच्यातून कामकरी माशा जातात पण राणी जात नाही) त्याच मापाची. खोल फ्रेम केली तर पहिल्याच दिवशी आणलेल्या फ्रेम तुमच्या पेटीत लटकवल्यावर खाली पाच-सात सेंमी मोकळी जागा राहील आणि माशा तिथे वेडंवाकडं पोळं बांधून टाकतील. लँगस्ट्रॉथने 1852 मध्ये जे पेटंट घेतलं त्याचा जीवच त्या 6 ते 9 मिमीच्या फटीत आहे, फट कमी झाली तर माशा डिंकासारख्या प्रोपोलिसने बुजवतात, जास्त झाली तर पोळं बांधतात. फ्रेमचं माप बदललं की हे सगळं गणित तुमच्या सुताराच्या भरवशावर.

राणीला जागा कमी पडेल ही तुमची भीती पण हिशोबाने बघा. चांगली राणी भर हंगामात दिवसाला 1500 ते 2000 अंडी घालते, अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला 21 दिवस, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त 42,000 घरं लागतील. लँगस्ट्रॉथच्या एका फ्रेमला दोन्ही बाजू मिळून साधारण 7,000 घरं. म्हणजे सहा फ्रेममध्ये राणीचं काम भागतं आणि 10 फ्रेमच्या पेटीत चार फ्रेम उरतात परागाला आणि घरच्या खर्चाच्या मधाला. जागा कमी पडते ती विक्रीच्या मधाला.

आणि इथेच आपल्या भागातली एक पद्धत मला अजिबात पटत नाही. बरेच जण एकच डबा ठेवतात, वर सुपर, म्हणजे फक्त मधासाठीचा दुसरा डबा, चढवतच नाहीत, आणि ज्या फ्रेममध्ये पिल्लं आहेत तीच मशीनमध्ये घालून फिरवतात. पिल्लं मरतात, मधात अळ्या आणि पराग येतो, वर मध कच्चा असतो, पाणी 20 टक्क्यांच्या वर गेलं की आंबायला वेळ लागत नाही. माशीने टोपण घालून बंद केलेला मधच काढावा, आणि पिल्लांच्या फ्रेमला हात लावू नये. तुम्ही नव्याने सुरू करताय, पेट्या फिरवायच्या नाहीत, तुम्हाला घाई कसली?

म्हणून तुमच्यासाठी माझ्या मते सगळ्यात चांगली पेटी म्हणजे आडवी लांब पेटी, लँगस्ट्रॉथच्याच 20 फ्रेम एका रांगेत. एका फ्रेमला 35 मिमी धरले तर 700 मिमी, वर थोडी सूट आणि एक सरकती फळी, म्हणजे आतून लांबी 75 सेंमीच्या आसपास, रुंदी आतून 465 मिमी. दार एका अरुंद टोकाला ठेवा, मग राणी दाराकडच्या फ्रेमवर राहते आणि मध मागच्या टोकाला साठतो, मध्ये जाळी उभी लावली की पिल्लं आणि मध आपोआप वेगळे. उचलायचं काही नाही, एक एक फ्रेम काढायची. मधाने भरलेला पूर्ण उंचीचा सुपर 35-40 किलोला जातो, घागरीसारखा धरता येत नाही आणि माशा अंगाशी असताना तो खाली उतरवणं सोपं नसतं, घरचे कुणी वयस्क मदतीला असतील तर लांब पेटी फारच सोयीची.

सरकती फळी मात्र विसरू नका. कॉलनी लहान असताना सगळी पेटी मोकळी सोडली तर ज्या पोळ्यांवर माशा बसत नाहीत तिथे पावसाळ्यात मेणकिडा लागतो. जितक्या फ्रेमवर माशा दाट आहेत तितकीच जागा द्या, वाढतील तशी फळी मागे सरकवा. जुलै-ऑगस्टमध्ये फूल कमी असतं तेव्हा परत आत घ्या आणि साखरेचा पाक संध्याकाळी द्या.

छप्पर पत्र्याचं असेल तर वरून पांढरा रंग आणि खाली गोणपाट किंवा पेंढा, पेटी झाडाच्या सावलीत पण सकाळचं ऊन दाराला लागेल अशी, जवळ पाणी, आणि स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या मुंग्यांसाठी. प्रत्येक फ्रेमला चार तारा घट्ट, यात काटकसर नको.

सरसोंच्या मधाचं एक वेगळं आहे, तो फार लवकर साखरेसारखा गोठतो, पोळ्यातच गोठला तर मशीनमधून निघत नाही, त्यामुळे टोपणं घातलेली दिसली की लगेच काढा, महिनाभर ठेवू नका. नंतर बरसीमचा (जनावरांच्या चाऱ्याचं पीक) मध असतो त्याला इतकी घाई नसते.

पुढेमागे पेट्या भरतपूरला न्यायचा विचार झाला तर मात्र लांब पेटी ट्रकवर नेण्यासारखी नाही, मग साधी 10 फ्रेमची आणि तिच्यावर सुपर. फ्रेम तीच असल्यामुळे बदलायला काही अडचण नाही, उचलायची आणि दुसऱ्या पेटीत लटकवायची.

सुताराला आत्ताच सांगा, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॉलनी आणाल तेव्हा पेटीचा रंग वाळून वास गेलेला पाहिजे, आणि रंग फक्त बाहेरून. कागदावर मापं लिहून देऊ नका, बाजारातून दोन तयार फ्रेम विकत घ्या आणि त्याच्या हातात द्या, पहिली पेटी झाली की त्या दोन फ्रेम या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघा, कुठेही अडकल्या नाहीत तरच बाकीच्या पेट्या करायला सांगा.