संप, हरताळ आणि एक मुष्कर पशू

प्रश्न बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्री कामगाराचा आहे. ते लिहितात: 'आमच्या युनियनचं पत्रक दोन भाषांत निघतं. कन्नड बाजूला "मुष्कर" असतं, मराठी बाजूला कधी "हरताळ" तर कधी "संप". आमच्या अभ्यासवर्गात एकानं सांगितलं की संप म्हणजे काम संपवणं, म्हणून मार्क्सवाद्यांनी हा शब्द टाळावा, कारण लढा तर तिथून सुरू व्हायचा असतो. हे खरं का? आणि पत्रकात नेमकं काय लिहावं?'

खरं नाही. पण आधी हरताळ निकालात काढतो, कारण या शब्दानं माझं डोकं उठवलंय. कुठंही संप झाला की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: कामगारांनी कामाला हरताळ फासला. अहो, फासायचा हरताळ वेगळा. ते पिवळंजर्द खनिज, सोमलाच्या कुळातलं. पोथीत अक्षर चुकलं की त्यावर त्याचा लेप द्यायचे, अक्षर दिसेनासं व्हायचं. म्हणून 'नियमांना हरताळ फासला' म्हणजे नियम पुसून टाकले. दुसरा हरताळ पाळायचा असतो. हट्ट म्हणजे बाजार, आपला हाट. त्याला ताल, म्हणजे टाळं. हट्टताल, हडताळ, हरताळ. आता विचार करा, हा पाळणार कोण? ज्याच्याकडे दुकान आहे आणि दुकानाची किल्ली आहे तो. कामगाराच्या कंबरेला कारखान्याची किल्ली असते का? कारखान्याला कुलूप मालक घालतो, आणि त्याला टाळेबंदी म्हणतात. (२०२० साली सगळ्यांनी लॉकडाऊनलाच टाळेबंदी म्हणायला सुरुवात केली आणि कामगार चळवळीचा एक धारदार शब्द फुकट घालवला. काहींनी तर 'ताळेबंदी' लिहिलं. ताळेबंद हिशेबाचा असतो हो!)

दोन्ही शब्द शेजारी बघायचे असतील तर जुलै १९०८ ची मुंबई बघा. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगार सहा दिवस बाहेर राहिले. तो संप. कापडबाजारातली दुकानं बंद राहिली, तो हरताळ. लेनिननं त्याच वर्षी मुंबईवर लिहिलं ते गिरण्यांमुळे, दुकानांमुळे नव्हे.

आता संप. 'संपणे'वरून संप, ही व्युत्पत्ती पुण्यातले एक जाणकार व्याख्यानांतून सांगत फिरतात. तुमच्या अभ्यासवर्गात ती तिथूनच पोचली असणार. आवाज जुळला की नातं जुळलं, ही त्यांची पद्धत. या न्यायानं वर आणि वरण यांचंही नातं लागेल. शब्दाचं कूळ ओळखायचं तर तो कुठल्या क्रियापदांच्या पंगतीला बसतो ते बघावं. संप फुटतो. संप फोडतात. फोडणारा तो संपफोड्या. काम कधी फुटतं का? फुटते ती एकी. म्हणजे संप या शब्दाच्या पोटात एकी आहे, शेवट नाही. गुजरातीत तर आजही संपचा अर्थ एकोपा एवढाच आहे. 'संप त्यां जंप', एकी तिथं शांती, ही त्यांची म्हण. आणि काम बंद पाडण्याला ते म्हणतात हडताळ! माझं मत असं की मुंबईच्या गिरण्यांत आणि बाजारात या दोन भाषा जिथं एकमेकींत मिसळल्या, तिथंच 'कामगारांचा संप आहे' म्हणजे 'कामगारांची एकी झाली आहे' या वाक्याचा अर्थ सरकत सरकत 'कामगार कामावर आले नाहीत' असा झाला. शेठजींच्या घरात ज्या शब्दानं शांती नांदत होती, त्याच शब्दानं त्यांचे भोंगे बंद पडले. जाणकारांना हे पटणार नाही. 'संप मिटला' म्हणतात त्याचं काय, असं ते विचारतील. मिटतो तंटा, तोवर शब्दाचा अर्थ बदलून झालेला होता. झालं उत्तर.

कायद्यालाही हे कळतं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली संपाची व्याख्या काढून बघा: माणसांच्या समूहानं, एकत्र येऊन, काम थांबवणं. म्हणून एकटा माणूस संप करू शकत नाही. एकट्याचा तो रुसवा. 'आज बायको संपावर' हा विनोद विनोद म्हणूनही व्याकरणात बसत नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनं तर पन्नास टक्के किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप, असं लिहून ठेवलंय. रजेचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा. सरकारला भीती वाटते ती मिळून टाकण्याची. इंग्लंडात १७९९ आणि १८०० साली कायदे करून बंदी घातली ती कामगारांनी एकत्र येण्यावर. ते कायदे १८२४ ला रद्द झाले.

आणि तुमच्या अभ्यासवर्गातल्या त्या मित्राला सांगा, मार्क्सवाद्यांनी टाळावा असा हा शब्द नाही, उलट उराशी धरावा असा आहे. १८४८ च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात मार्क्स-एंगेल्स म्हणतात की कामगार मधूनमधून जिंकतात, पण तेवढ्यापुरतंच. या लढ्यांचं खरं फळ लगेच हाती आलेल्या पगारवाढीत नसतं, ते कामगारांच्या वाढत जाणाऱ्या एकजुटीत असतं. म्हणजे संपाचं फळ काय, तर संप. इंग्रजीत हे वाक्य असं जमणार नाही. त्यांचा 'स्ट्राइक' हा शब्द खलाशांनी जहाजाची शिडं उतरवली त्यावरून आलेला. फ्रेंचांचा 'ग्रेव्ह' पॅरिसमधल्या त्याच नावाच्या नदीकाठच्या चौकावरून, जिथं बेकार माणसं कामाची वाट बघत उभी असत. आपला शब्द थेट मुद्द्यावर बोट ठेवतो. १८९९ मध्ये लेनिननं संपाला युद्धाची शाळा म्हटलं आणि लगेच बजावलं की शाळा म्हणजे युद्ध नव्हे. शाळेत काय शिकायचं ते मराठी शब्दातच लिहिलेलं आहे.

'संप पुकारला' हे मात्र मला खटकतं. मार्क्सवादी नेत्या रोझा लक्झेंबर्गनं १९०५ ची रशियातली क्रांती बघून पुढच्या वर्षी जे पुस्तक लिहिलं त्यात हाच वाद आहे: कार्यकारिणीनं ठराव करून सामूहिक संप घडत नाही आणि ठराव करून तो थांबतही नाही. एकी पुकारता येते का? पुकारा चोपदाराचा. संप करावा, संप व्हावा. पदाधिकारी रागावतील, रागावू देत.

आता एकी म्हटलं की कुणाची, हेही विचारावं लागतं. मी वडगावच्या मागांच्या आवाजात वाढलो, म्हणून धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारी ती नाव, म्हटलं की मला १९२८ चा मुंबईचा गिरणी संप आठवतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार बरा, पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि तो धोटा उष्टा होतो म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. डॉ. आंबेडकरांनी लाल बावट्याच्या, म्हणजे कम्युनिस्ट युनियनच्या, पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला: हा अन्याय मागण्यांत नसेल तर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का यावं? शब्दाच्या अर्थाची याहून नेमकी चर्चा कुठल्या कोशकारानं केलेली मला ठाऊक नाही. १९३८ च्या ७ नोव्हेंबरला औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले, तो एक दिवसाचा संप खऱ्या अर्थानं संप.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे येतो. मुष्कर! बेळगावच्या बसस्टँडवर हा शब्द कन्नडात वाचत आपण मोठे झालो. आमच्या घरातला पोरगा नुकतं कन्नड वाचायला शिकला होता तेव्हा त्यानं तो 'मस्करी' असा वाचला. बस नव्हती, म्हणून त्याला ती खरोखरच मस्करी वाटली. कन्नडात मुष्कर म्हणजे मुळात हट्ट, आडमुठेपणा, आणि त्यावरून संप. पण हट्ट कसा? पाणिनीचं सूत्र बघा, पाचव्या अध्यायात, दुसऱ्या पादात, १०७ वं: ऊषसुषिमुष्कमधो रः. या चार शब्दांना र लागतो. मधुचं मधुर, सुषिचं सुषिर (बासरी, सनई ही सुषिरवाद्यं), ऊषचं ऊषर, म्हणजे खारी जमीन. आणि मुष्कचं मुष्कर. मुष्क म्हणजे वृषण. मुष्करः पशुः हे टीकाकारांचं उदाहरण. म्हणजे न बडवलेला बैल! खोंड! दावणीला बांधला तरी खुंटा उपटणारा, औताला जुंपला तर मान टाकणारा. त्यावरून हट्टी, त्यावरून काम न करणारा. शब्दाचा प्रवास असाच झाला असणार, असा माझा तर्क आहे. आणि मग आपण मराठीत काय म्हणतो ते आठवा: युनियनचं खच्चीकरण झालं. खच्ची केलेला तो निमूट बैल, खच्ची न केलेला तो मुष्कर. कन्नड आणि मराठी या दोन भाषा एकमेकींशी न बोलता एकाच गोठ्यात उभ्या आहेत.

एका कन्नड शिक्षक मित्राचं म्हणणं, हा शब्द मुष्टीवरून आला, वळलेली मूठ, लाल सलाम. दिसायला देखणं, पण मुष्टीतला ट कुठं गेला ते सर सांगत नाहीत. उलट मुष्कचं मागचं कूळ तर फारच गंमतीचं. मुष्क म्हणजे छोटा मूष, छोटा उंदीर, आकारावरून. आपल्या मूषकाचा चुलतभाऊ. लॅटिनमध्येही छोटा उंदीर म्हणजे मुस्कुलुस, आणि त्यावरून इंग्रजांचा मसल, दंडावर कातडीखाली उंदीर पळावा तसा हलतो म्हणून. फारसीत हाच मुष्क मुश्क झाला, म्हणजे कस्तुरी, कारण कस्तुरीची पिशवी तशी दिसते; तिथून युरोपात मस्क. म्हणजे अत्तर, दंडाची बेटकुळी आणि बेळगाव डेपोचा मुष्कर ही एका उंदराची पिल्लं. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या रात्री झोप लागली नाही.

तुमचा प्रश्न राहिलाच. कन्नड बाजूचा मुष्कर तसाच ठेवा. मराठी बाजूला संप लिहा. पत्रकं आधीच छापून झाली असतील तर त्यातल्या 'हरताळ'ला तेवढा हरताळ लावा. आणि 'कामगार वर्ग' दोन शब्दांत लिहू नका, जोडून लिहा.