प्रिंटर शिकशीलच, आधी लिव्हर समजून घे

तुझा मेल वाचला. उंदरांवर प्रयोग करवत नाहीत म्हणून बायोप्रिंटिंगमध्ये, म्हणजे जिवंत पेशींपासून अवयवांचे तुकडे प्रिंट करण्याच्या कामात, यायचं म्हणतेस, मला ते मनापासून पटलं, आणि वेळही चांगली आहे, अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती कायद्यातून काढली, आपल्याकडेही २०२३ मध्ये नवीन औषधांचे नियम बदलले आणि मानवी पेशींवरच्या चाचण्यांना त्यात जागा मिळाली.

आता कामाचं बोलतो. प्रिंटर चालवायला तू लवकर शिकशील. लिव्हरचा छोटासा तुकडा प्रिंट होतो, डाय टाकला की मायक्रोस्कोपखाली जिवंत पेशी हिरव्यागार चमकतात, मेलेल्या लाल, हिरवं जास्त दिसलं की सगळे खूश. पण त्या नुसत्या जिवंत आहेत की लिव्हरचं काम पण करतायत? अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते रक्तातलं प्रथिन, बनतंय का, औषध मोडणारी एन्झाइम्स चालतायत का, आणि आठवड्याभरानंतरही चालतायत का, हे मोजत राहा, कंटाळवाणं आहे पण सगळा जीव त्यातच आहे. हेपजीटू, म्हणजे लिव्हरच्या कॅन्सरपासून मिळवलेल्या पेशी, स्वस्त, वाढवायला सोप्या, म्हणून सगळे त्याच घेतात, पण ही एन्झाइम्स त्यांच्यात फारच कमी, म्हणजे जे औषध शरीरात मोडल्यावर विषारी होतं ते त्यांच्यावर बिनधोक दिसू शकतं, आणि मग तुझ्या मॉडेलवर विश्वास ठेवणारा पेशंट मरेल गं.

ट्रोव्हाफ्लॉक्सासिन आणि लेव्होफ्लॉक्सासिन या एकाच कुळातल्या अँटिबायोटिक्स, पहिलीनं माणसांची लिव्हर खराब केली, दुसरी आजही सर्रास देतात. सॅन डिएगोच्या ऑर्गनोव्हो कंपनीनं २०१६ मध्ये प्रिंट केलेल्या लिव्हरवर या दोघींतला फरक दाखवला, तो पेपर निवांत बसून वाच. माणसांत काय झालं ते आधीच माहीत असलेली अशी औषधं तुझ्या मॉडेलवर पहिल्यांदा टाकायची, नवीन रेणू नंतर.

अजून एक, तुला हे वाचून त्रास होईल पण आत्ताच माहीत असलेलं बरं. पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्या मीडियात जे एफबीएस नावाचं सीरम घालतात ते गाईच्या पोटातल्या, न जन्मलेल्या वासराच्या रक्तातून येतं, आणि पेशींना आधार देणारं मॅट्रिजेल हे जेल उंदराच्या ट्यूमरमधून. जेल बनवायचं अल्जिनेट मात्र समुद्री शेवाळातून मिळतं, सीरम-फ्री मीडियाही मिळतात, महाग आहेत आणि पेशी सुरुवातीला रुसतात. लॅबच्या मुलाखतीला जाशील तेव्हा प्रिंटर कुठल्या कंपनीचा हे विचारू नकोस, सीरम कुठलं वापरता आणि कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी, कुठली औषधं ठेवता ते विचार. काय उत्तर मिळतं ते मला कळव, मग लॅब ठरवू.