सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर खोलताना बारके पार्ट उडू नयेत म्हणून काय करायचं?

तुमची अडचण मला समजली ती अशी, की ग्रिप फ्रेम (मुठीचा सांगाडा) काढली की एक नखाएवढी स्प्रिंग आणि तिच्याबरोबर एक छोटा प्लंजर, म्हणजे स्प्रिंगने ढकलली जाणारी बारकी दांडी, बाहेर पडतो, तो कुठल्या भोकातून आला तेच कळत नाही, आणि परत बसवायला गेलं की जागेवर राहत नाही. मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही पण माझा अंदाज रुगर कंपनीचं न्यू मॉडेल, म्हणजे १९७३ नंतरचं ब्लॅकहॉक, सिंगल सिक्स वगैरे. कारण कोल्टच्या मूळ १८७३ च्या डिझाइनमध्ये आतल्या मोठ्या स्प्रिंगा चपट्या पट्टीच्या आहेत आणि स्क्रूने धरलेल्या आहेत, त्या तुटतात पण सहसा उडत नाहीत. रुगरने सगळीकडे गोल वायरच्या स्प्रिंगा टाकल्या, त्या वर्षानुवर्षं टिकतात, फक्त खोलताना पळतात.

आधी रिकामं करा. न्यू मॉडेलमध्ये हॅमर (घोडा) खाली ठेवून गेट, म्हणजे गोळ्या भरायचं बाजूचं झाकण, उघडलं की सिलिंडर मोकळा फिरतो, कोल्ट टाइपमध्ये हॅमर हाफ कॉकवर, म्हणजे अर्धवट मागे, घ्यावा लागतो. दोन्हीत सगळे चेंबर एकेक करून डोळ्यांनी बघायचे, मग बेस पिन (सिलिंडर ज्याच्यावर फिरतो तो आस) काढून सिलिंडर बाहेर. आणि एक आगाऊ सल्ला, नुसती सफाई करायची असेल तर इथेच थांबा. प्रत्येक वेळी ग्रिप फ्रेम उघडायची काहीही गरज नसते, बरेच लोक उगाच उघडतात आणि स्क्रूची खाच खराब करून बसतात.

आता उघडायचंच आहे तर माझं मत असं की टेबलावर कितीही ट्रे मांडा, पार्ट हरवतात ते ठरलेल्या दोन-तीन क्षणांना, ते क्षण आधी माहीत असले की झालं.

पहिला क्षण मेनस्प्रिंगचा, म्हणजे हॅमरला जोर देणाऱ्या मोठ्या स्प्रिंगचा. रुगरमध्ये मेनस्प्रिंग एका लांब दांड्यावर, म्हणजे स्ट्रटवर चढवलेली असते. मुठीच्या दोन्ही फळ्या काढा, हॅमर पूर्ण मागे घ्या, आता मुठीच्या आत खालच्या बाजूला स्ट्रटला एक आरपार भोक दिसेल. त्यात बसेल असा खिळा घाला (पेपर क्लिप पण चालते असं लोक सांगतात पण ती बारीक आणि मऊ असते, वाकते, मी तरी खिळाच वापरतो), आणि मग अंगठ्याने हॅमर धरून ट्रिगर दाबून त्याला हळू पुढे सोडा. स्प्रिंग खिळ्याला अडकून दबलेलीच राहते आणि ग्रिप फ्रेमवरचा सगळा जोर निघून जातो. हे न करता स्क्रू काढले तर फ्रेम झटक्यात सुटते आणि बाकीचे बारके पार्ट कुठे गेले ते बघायला वेळच मिळत नाही.

दुसरा क्षण म्हणजे तुमचा प्रश्न. ग्रिप फ्रेमचे पाच स्क्रू, दोन हॅमरच्या मागे आणि तीन खाली ट्रिगर गार्डच्या पुढेमागे. खालचे तीन आधी काढा, मागचे दोन शेवटी, आणि ते दोन काढायच्या आधी रिव्हॉल्व्हर नळी खाली करून उभं धरा. कारण पॉलची (सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाची) स्प्रिंग आणि प्लंजर ज्या भोकात आहेत ते मेन फ्रेमच्या मागच्या अंगाला उघडतं आणि त्याला झाकण म्हणून फक्त ग्रिप फ्रेमचा कान असतो, बाकी काहीच धरलेलं नाही. नळी खाली असली की भोकाचं तोंड वर येतं, मग कान बाजूला करताना भोकावर बोट ठेवलं की स्प्रिंग बोटाला लागते आणि अलगद काढता येते. काढतानाच नीट बघून ठेवा, आत आधी प्लंजर गेलेला असतो, त्याच्यामागे स्प्रिंग. बसवताना उलटं घातलं तर पॉल नीट दाबला जात नाही.

त्याच वेळी दुसरी एक जोडी ट्रिगर गार्डच्या पुढच्या टोकाला असते, सिलिंडर लॅचची (सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या खटक्याची) स्प्रिंग आणि तिचा प्लंजर. फ्रेम सुटताच हीसुद्धा निघून खाली पडू शकते आणि घसरली तर आवाजसुद्धा येत नाही. या दोन्ही जोड्या लगेच वेगवेगळ्या डब्यांत टाका आणि डब्यावर नाव लिहा, कारण टेबलावर शेजारी शेजारी पडल्या की कुठली कुठे यात गोंधळ होतोच. ट्रिगर स्प्रिंगचे पाय कुठे टेकलेत त्याचा एक फोटो काढून घ्या, बसवताना तेवढाच कामाला येतो.

काम करायला जागा कशी हवी, तर मोठी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्या, रिव्हॉल्व्हर आणि दोन्ही हात आत, धोक्याचे स्क्रू आतच काढा. दिसायला विचित्र दिसतं पण उडालेली स्प्रिंग पिशवीतच राहते. पिशवी नको असेल तर कडा असलेला ट्रे आणि त्यात फिक्या रंगाचं पातळ सुती कापड, टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत स्प्रिंगा अडकतात. मॅग्नेटचा ट्रे स्क्रूंना ठीक आहे, स्प्रिंगांना मला आवडत नाही, थोडं चुंबकत्व राहिलं की लोखंडाचा बारीक चुरा चिकटत राहतो. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. स्क्रूंसाठी सगळ्यात सोपं म्हणजे पुठ्ठ्यावर रिव्हॉल्व्हरची आकृती काढायची आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी खोचायचा. कोल्ट टाइपमध्ये हे जास्त महत्त्वाचं, तिथे बाजूचे तीन स्क्रू तीन वेगळ्या मापाचे असतात, हॅमरचा सगळ्यात मोठा, आणि चुकीच्या जागी जबरदस्तीने घुसवला तर आटे गेले म्हणून समजा. पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण भरेल असंच घ्या, निमुळतं नको, समांतर बाजूंचं.

कोल्ट किंवा त्याची कॉपी असेल तर दोन ठिकाणं अजून सांगतो. इजेक्टरच्या (रिकामी काडतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांडीच्या) नळीचा पुढचा स्क्रू काढताना ती नळी अंगठ्याने बॅरलवरच दाबून धरा, आतली लांब स्प्रिंग दाबलेली असते आणि दांडी मागे सटकते. दुसरं, गेटची छोटी स्प्रिंग आणि खटका, तो स्क्रू ट्रिगर गार्डच्या खाली लपलेला असतो, गेट ठीक चालत असेल तर त्याला हातच लावू नका.

आता परत बसवणं. प्लंजरला थोडं घट्ट ग्रीस लावून भोकात सोडा, मग स्प्रिंग. ग्रीस अगदी नावापुरतं, जास्त झालं तर त्यात काजळी जमून प्लंजर आळशी होतो. तरी स्प्रिंगचं टोक बाहेर डोकावणारच, ते आत ढकलायला फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचाचं) एक पातळ पातं वापरा. पात्याने स्प्रिंग आत दाबून धरायची, ग्रिप फ्रेमचा कान पात्यावरून सरकवून जागेवर आणायचा, मागचे दोन स्क्रू दोन-तीन आटे नुसते पकडवायचे आणि मग पातं ओढून घ्यायचं. पाचही स्क्रू आधी सैल लावा, सगळे सरळ बसताहेत बघितलं की मग कसा. एखादा आधीच आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत आणि माणूस जोर करायला लागतो. खिळा सगळ्यात शेवटी काढायचा, हॅमर परत मागे घेऊन.

स्प्रिंग खरंच आत आहे की मधेच कुठे वाकून बसली हे बघायची एक युक्ती आहे. रिकाम्या रिव्हॉल्व्हरची नळी वर करा आणि हॅमर सावकाश मागे घ्या. पॉलला सिलिंडरकडे ढकलणारी तीच स्प्रिंग आहे, ती नसेल तर नळी खाली असताना पॉल स्वतःच्या वजनाने पुढे पडतो आणि सगळं बरोबर चाललंय असं वाटतं, पण नळी वर केली की पॉल मागे पडतो आणि सिलिंडर फिरायचा राहतो. नळी वर असताना प्रत्येक चेंबर फिरून लॉक होत असेल तर स्प्रिंग आपल्या जागी आहे, नाहीतर खिळा परत घालून ग्रिप फ्रेम पहिल्यासारखीच परत काढा, आणि मागचे दोन स्क्रू काढायच्या आधी परत नळी खाली.