साउथ कोस्ट ट्रॅक एकट्याने करायचा आहे : वाचकांचे प्रश्न

टास्मानियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचा साउथ कोस्ट ट्रॅक मेलालूका ते कॉकल क्रीक असा ८५ किलोमीटरचा आहे. मेलालूकाला रस्ता जात नाही. बहुतेक जण होबार्टहून छोट्या विमानाने तिथे उतरतात आणि पूर्वेकडे चालत निघतात. एकट्याने जाऊ पाहणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सह्याद्रीत भर पावसात ट्रेक करण्याची सवय आहे. जानेवारीत जाणार आहे. ही तयारी पुरेल का? दिवस किती धरावेत? (पुणे)

उत्तर : चिखल, जळवा आणि निसरड्या मुळांपुरती पुरेल, थंडीसाठी नाही. आपल्याकडे पावसात दिवसभर भिजलेला माणूस चालत राहिला की निभावतो. इथे जानेवारी हा भर उन्हाळा असला तरी दक्षिणेकडून वारा सुटला की पाऊस बर्फासारखा गार लागतो, आणि वाटेतल्या आयर्नबाउंड डोंगररांगेवर उन्हाळ्यातही हिम पडू शकते. सुती कपडा एकही नको. पोंचो त्या वाऱ्यात अंगावर टिकत नाही. टोपीचे चांगले रेनजॅकेट आणि वर पावसाची पँट हवी. झोपायचे कोरडे कपडे वेगळ्या वॉटरप्रूफ पिशवीत ठेवा आणि सकाळी कितीही जिवावर आले तरी ओलेच कपडे चढवून चाला. कोरडा जोड एकदा भिजला की रात्री ऊब देणारे काही उरत नाही.

ट्रॅकला सहा ते आठ दिवस लागतात. एकट्याने सात दिवसांची आखणी करावी आणि वर दोन दिवसांचे जेवण न्यावे. हे दोन दिवस थांबण्यासाठी आहेत. वाटेतली लुइसा नदी मोठ्या पावसाने काही तासांत फुगते आणि पाऊस थांबला की ओसरतेही. दोघे-तिघे एकमेकांना धरून जे पाणी ओलांडतील, ते एकट्याने ओलांडू नये. संध्याकाळी नदीवर पोचलात आणि पाणी कमी असेल, तर मुक्कामाआधीच पलीकडे जा. रात्रीच्या पावसाने सकाळी अडकायला नको. पाण्यात उतरण्यापूर्वी सॅकचा कमरपट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडे ठेवा, काठी पुढे टेकवा आणि एका वेळी एकच पाय उचला.

पुढचा आयर्नबाउंडचा दिवस सगळ्यात कठीण. जवळजवळ समुद्रसपाटीवरून सुमारे ९०० मीटर चढ, तोही उघड्या डोंगरधारेवर, आणि मग वर्षावनातून मुळांवरून, चिखलातून उतार. अंतर जेमतेम १२ किलोमीटर, पण पूर्ण दिवस जातो. एकट्या माणसाचे पाय बहुतेक या उतारावरच मुरगळतात, कारण तोवर तो दमलेला असतो. उजाडताच निघा. माथ्यावर वारा घोंघावत असेल तर लुइसावरच एक दिवस काढा.

प्रश्न : न्यू रिव्हर लगून वल्ह्याच्या होडीने ओलांडावे लागते. दोन्ही काठांवर एकेक होडी राहिली पाहिजे असा नियम आहे. एकट्याने हे कसे जमवायचे? (मेलबर्न)

उत्तर : तीन फेऱ्या माराव्या लागतात. अलीकडची होडी घेऊन पलीकडे जा. तिथली होडी पाण्यात ओढा, आपल्या होडीमागे बांधा आणि दोन्ही घेऊन परत या. एक होडी अलीकडच्या काठावर वर ओढून बांधा, दुसरीने पुन्हा पलीकडे जा आणि तीही तशीच बांधा. ही तसदी न घेता कोणी निघून गेला, तर मागून येणारा नुसत्या पाण्याकडे पाहत बसतो.

सॅक पहिल्याच फेरीत पलीकडे टाकून हलके व्हावेसे वाटते. एकट्याने तसे करू नका. मधल्या फेरीनंतर वारा वाढला तर तुम्ही एका काठावर आणि तंबू, जेवण दुसऱ्या काठावर, अशी अवस्था होईल. वजन सोसून सॅक तिन्ही फेऱ्यांत सोबत ठेवा. सकाळी वारा बहुधा कमी असतो, तेव्हा उरकून घ्या. होडी भरतीच्या रेषेच्या बरीच वर ओढायची; कंटाळून अर्ध्यावर सोडलेली होडी पाणी चढले की वाहून जाते.

प्रश्न : चूल, गॅस आणि भारतातून नेलेला खाऊ यांचे काय? (नाशिक)

उत्तर : इथे शेकोटीला मनाई आहे, स्टोव्हच वापरायचा. इंधन प्रवासी विमानात नेता येत नाही, म्हणून मेलालूकाला ते कसे मिळेल हे विमानाचे बुकिंग करतानाच विचारून ठरवा. कोरडा शिधा दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम धरा. खाण्याच्या सगळ्या वस्तू ऑस्ट्रेलियात उतरताना जाहीर कराव्या लागतात, त्यामुळे होबार्टलाच खरेदी केलेली बरी. बूट मात्र भारतातूनच घासून, सुकवून न्या. मातीतून मुळे कुजवणारा फायटॉफ्थोरा पसरतो आणि तिथली झाडे त्याने मरतात. त्याच कारणाने जंगलात शिरतानाही बूट आणि गेटर (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचे जाड आवरण) स्वच्छ हवेत. चिखल चुकवायला कडेने जाऊ नका, पायवाट रुंदावत जाते. काठीने खोली बघा आणि मधूनच चाला.

प्रश्न : साप चावला तर? (ठाणे)

उत्तर : टास्मानियात सापांच्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही विषारी. बहुतेक वेळा साप स्वतःच दूर होतो; जाड गेटर घाला आणि ओंडका ओलांडताना पलीकडे बघून पाय टाका. चावलाच तर जखम धुऊ नका, कापू नका, करकचून दोरी बांधू नका. रुंद इलॅस्टिक बँडेज बोटांपासून वर अख्ख्या पायाला किंवा हाताला घट्ट गुंडाळा, जमेल तशी काठी बांधून अवयव स्थिर करा आणि आडवे व्हा. अशी दोन बँडेज सॅकच्या वरच्या कप्प्यात हवीत, तळाशी नकोत.

मग ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे उपग्रहामार्फत मदतीचा संदेश धाडणारे छोटे यंत्र) सुरू करा. मोबाइलला रेंज नसते. पीएलबी सॅकमध्ये न ठेवता अंगावर ठेवा, कारण नदीत सॅक सोडून द्यावी लागू शकते. त्याला उघडे आकाश लागते, दाट झाडीखाली संदेश पोचेलच असे नाही. ढग खाली असले तर हेलिकॉप्टरला वेळ लागतो, म्हणून तोवर ऊब टिकवण्याची सोय हाताशी हवी.

मेलालूकाच्या वहीत नाव लिहा. घरी परतीची तारीख सांगताना ते दोन राखीव दिवस धरूनच सांगा, नाहीतर तुम्ही नदी ओसरण्याची वाट पाहत असताना तिकडे शोध सुरू होईल. कॉकल क्रीकला बाहेर पडल्याची नोंद करायला विसरू नका.