जुना मॅक: मेनूची मांडणी आणि फायलींपर्यंतच्या वाटा

प्रश्न: जुन्या क्वाड्रा मॅकवर सिस्टिम ७.५ (मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. वर डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदाचा ॲपल मेनू इतका लांब झालाय की रोज लागणारे चार प्रोग्रॅम शोधत बसावे लागते. यादीचा क्रम बदलता येतो का?

येतो, आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही. सिस्टिम ७ पासून (१९९१) ॲपल मेनू म्हणजे एका फोल्डरचे प्रतिबिंब आहे. सिस्टिम फोल्डर उघडा, त्यात ‘ॲपल मेनू आयटम्स’ नावाचा फोल्डर दिसेल. त्यात जे टाकाल ते मेनूत दिसते, जे बाहेर काढाल ते मेनूतून जाते. मात्र मूळ प्रोग्रॅम उचलून तिथे ठेवू नका. पुष्कळ प्रोग्रॅमना आपल्या शेजारच्या फायली लागतात आणि जागा बदलली की ते अडतात. प्रोग्रॅम निवडा, फाइल मेनूतून ‘मेक ॲलियस’ द्या आणि ते ॲलियस (मूळ वस्तूकडे नेणारी छोटी खूण-फाइल) फोल्डरमध्ये टाका. नावाच्या शेवटी आलेला ‘ॲलियस’ हा शब्द पुसला तरी चालतो. नाव तिरप्या अक्षरांत राहते, त्यामुळे ओळख पटते.

क्रम नावावरून लागतो, म्हणून तो नावातूनच बदलायचा. ॲलियस निवडून रिटर्न दाबा, डावा बाण दाबून कर्सर नावाच्या सुरुवातीला आणा आणि स्पेस द्या. स्पेस सगळ्या अक्षरांच्या आधी लागते. रोजच्या चार प्रोग्रॅमना दोन-दोन स्पेस द्या. मग एक रिकामा फोल्डर करून त्याला एक स्पेस आणि आठ-दहा आडव्या रेघा असे नाव द्या. दोन स्पेसवाले वर, त्याखाली रेघ, त्याखाली उरलेले सगळे, अशी मांडणी होते. एखादी वस्तू तळाला हवी असेल तर नावाआधी ऑप्शन-८ दाबून गोल ठिपका द्या. नाव एकूण ३१ अक्षरांतच बसवायचे आणि त्यात अपूर्णविराम चालत नाही, कारण फाइलपर्यंतच्या वाटेतल्या फोल्डरांची नावे वेगळी करायला सिस्टिम तेच चिन्ह वापरते.

सबमेनूंसाठी ‘ॲपल मेनू ऑप्शन्स’ हे कंट्रोल पॅनल चालू करा. ते ७.५ बरोबर आले, ७.० आणि ७.१ मध्ये नाही. ते चालू असले की फोल्डरचे ॲलियस टाकताच फोल्डरमधला मजकूर बाजूला उलगडतो. इथे बरेच जण अख्ख्या हार्ड डिस्कचे ॲलियस टाकतात आणि मग मशीन मंदावले म्हणून तक्रार करतात. डिस्कवरच्या शेकडो फोल्डरांची यादी बनवून मेमरीत धरायची म्हणजे मशीन रेंगाळणारच. चालू कामाच्या एखाद-दोन फोल्डरांचेच ॲलियस ठेवा.

प्रश्न: ‘ओपन’ची चौकट दर वेळी नको त्या फोल्डरमध्ये उघडते. आणि माउस न धरता फोल्डर बदलता येतो का?

पहिल्या तक्रारीचे औषध ७.५ च्या ‘जनरल कंट्रोल्स’ मध्ये, ‘डॉक्युमेंट्स’ या भागात आहे. तिथे तीन पर्याय दिसतील: प्रोग्रॅम ठरवेल तो फोल्डर, त्या प्रोग्रॅममध्ये शेवटी वापरलेला फोल्डर, किंवा डॉक्युमेंट्स फोल्डर. बहुतेकांना दुसरा सोयीचा पडतो.

चौकटीत कमांड आणि वरचा बाण दाबला की एक पायरी वर, कमांड आणि खालचा बाण दाबला की निवडलेल्या फोल्डरच्या आत. कमांड-डी थेट डेस्कटॉपवर नेते. नावाची पहिली दोन-तीन अक्षरे भरभर टाइप केली की यादी तिथे उडी मारते. हेच ‘सेव्ह’च्या चौकटीत केले तर अक्षरे फाइलच्या नावात जातात, म्हणून आधी टॅब दाबून यादीवर या. ऑप्शन धरून ॲलियस उघडले तर फाइल उघडत नाही, तिचे मूळ जिथे आहे तो फोल्डर समोर येतो. ही खुबी फार कमी जणांना माहीत असते.

प्रश्न: फाइल शोधेपर्यंत पडद्यावर दहा खिडक्या साचतात.

ऑप्शन धरून फोल्डरवर डबल-क्लिक करा, मागची खिडकी आपोआप बंद होईल. साचलेल्या सगळ्या एकदम बंद करायच्या तर ऑप्शन धरून कोणत्याही एकीच्या बंद करायच्या चौकोनावर क्लिक करा. कमांड धरून खिडकीच्या शीर्षकावर माउस दाबून ठेवला की डिस्कपर्यंतची पूर्ण वाट उलगडते, त्यातला हवा तो फोल्डर निवडा. सिस्टिम ७ नंतरची मॅक ओएस ८ (१९९७) असेल तर फाइल ओढत फोल्डरवर क्षणभर थांबा, तो आपणहून उघडतो आणि काम झाले की मिटतो. किती वेळ थांबायचे ते फाइंडरच्या (फायली-फोल्डर दाखवणारा मॅकचा प्रोग्रॅम) प्रेफरन्सेसमध्ये कमी-जास्त करता येते.

प्रश्न: रेसएडिटने (प्रोग्रॅमच्या आतले मेनू वगैरे बदलायचे साधन) मेनूतल्या एका आज्ञेला कमांड-की, म्हणजे कीबोर्डचा शॉर्टकट, द्यायची आहे. मशीन बिघडेल का?

मूळ फाइलवर प्रयोग केलात तर बिघडू शकते. आधी प्रोग्रॅम बंद करा, त्याची प्रत काढा आणि रेसएडिटमध्ये ती प्रतच उघडा. ‘मेनू’ प्रकाराच्या रिसोर्सवर (प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये साठवलेला भाग) डबल-क्लिक करा, हवा तो मेनू उघडा, आज्ञा निवडा आणि कमांड-कीच्या चौकोनात एक अक्षर घाला. सेव्ह करून प्रत चालवून पाहा. ते अक्षर दुसऱ्या कुठल्या आज्ञेला आधीच दिलेले नाही ना, हे सगळे मेनू उघडून तपासा. झेड, एक्स, सी, व्ही आणि क्यू यांना हात लावू नका.

आज्ञेचे नाव बदला, अक्षर बदला, पण आज्ञा वर-खाली करू नका, मधली पुसू नका, मेनूचा क्रमांक बदलू नका. प्रोग्रॅमला आज्ञेचे नाव कळतच नाही. ‘अमुक क्रमांकाच्या मेनूतली तिसरी ओळ निवडली’ एवढाच निरोप त्याला मिळतो. मधली एक ओळ काढलीत तर तिच्याखालच्या सगळ्या आज्ञा एकेक घर सरकतात आणि ‘सेव्ह’ म्हटल्यावर भलतेच काही घडते. यात लिहिलेले काम गमावते, म्हणून इतके बजावून सांगतो.

फाइंडरचे मेनू या साध्या प्रकारात नसतात. ‘मेक ॲलियस’ला कमांड-एम हवे म्हणून त्यात हात घालण्यापेक्षा मॅक ओएस ८ टाका, तिथे ते तयारच मिळते.

प्रश्न: सगळे नव्या डिस्कवर कॉपी केले, पण ॲलियस जुनीच डिस्क मागतात.

ॲलियस फक्त नाव लक्षात ठेवत नाही. डिस्कचे नाव, ती कधी तयार झाली ती वेळ आणि फाइलचा आतला क्रमांक, हे सगळे त्यात असते. म्हणूनच त्याच डिस्कवर मूळ फाइल हलवली किंवा तिचे नाव बदलले तरी ॲलियस तिला शोधून काढते. कॉपी केलेल्या फाइलला मात्र नवा क्रमांक मिळतो. जुनी डिस्क जोडलेली असेल तर धोका मोठा: ॲलियस मुकाट्याने जुनी फाइल उघडते आणि तुमचे बदल तिथे जातात. मॅक ओएस ८.५ पासून ‘गेट इन्फो’मध्ये नवे मूळ दाखवायचे बटण आहे. त्याआधीच्या सिस्टिमवर जुने ॲलियस फेकून नवे करा, आणि तोवर जुनी डिस्क काढून ठेवा.

प्रश्न: हार्ड डिस्कचे नाव बदलत नाही.

फाइल शेअरिंग चालू असणार. ‘शेअरिंग सेटअप’मध्ये ते थांबवा, नाव बदला, मग पुन्हा सुरू करा. सीडी बाहेर येत नसेल तर तिथेही आधी हेच पाहा.