राही म्हणजे वाटसरू नव्हे

प्रश्न असा आला आहे: राधा, राही, रखमा या जुन्या नावांत फरक काय, आणि यातलं राही हिंदीतून आलं ना?

हिंदीतून मुळीच नाही. बाळाच्या नावांच्या याद्यांत हल्ली सर्रास ‘राही = वाटसरू’ असं लिहितात आणि ते वाचून चीड येते. तो राही फारसी ‘राह’वरून आला. आपल्या राहीशी त्याचा काडीचा संबंध नाही. आपली राही म्हणजे राधिका.

प्राकृतात दोन स्वरांमधल्या ‘ध’चा ‘ह’ झाला: दधिचं दही, बधिरचा बहिरा, गोधूमचा गहू. शेवटच्या ‘इका’तला ‘क’ गळाला आणि उरलेल्या ‘इआ’ची ‘ई’ झाली: घटिकेची घडी, कलिकेची कळी, मृत्तिकेची माती. हेच राधिकेला लावा. राधिका, राहिआ, राही. मधलं ‘राहिआ’ कुणी तर्कानं बसवलेलं नाही, ते हाल राजाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशती या जुन्या काव्यसंग्रहात, महाराष्ट्री प्राकृतात, चक्क लिहिलेलं आहे: ‘मुहमारुएण तं कण्ह गोरअं राहिआएँ अवणेन्तो’. कृष्णा, राहिआला लागलेलं गोरअं तू फुंकरीनं उडवतोस आणि तेवढ्यानंच बाकीच्या गवळणींचं गोरअं हिरावून घेतोस. पहिलं गोरअं म्हणजे गोरज, गाईंच्या खुरांची धूळ, दुसरं गौरव. किती देखणा श्लेष! राधेच्या सर्वांत जुन्या उल्लेखांत ही गाथा मोजतात, आणि तिथे तिचं नाव आपल्या राहीच्या उंबऱ्यावर येऊन थांबलेलं आहे.

आरतीतल्या ‘राई रखुमाबाई’चा अर्थ ‘राणी रखुमाबाई’ असा लावणाऱ्यांनी ‘युगे अठ्ठावीस’चं पालुपद एकदा नीट म्हणून पाहावं. ‘रखुमाईवल्लभा, राईच्या वल्लभा.’ एकीचाच वल्लभ दोनदा कशाला सांगतील? पंढरपूरच्या देवळातही राहीची मूर्ती रुक्मिणीहून वेगळी आहे. ‘ह’ बोलण्यात गळाला की राहीची राई होते, एवढंच. फोडणीतली राई राजिकेची, ती निराळी.

रखमाची तऱ्हा उलटी. ‘क्म’चा प्राकृतात ‘प्प’ होतो. रुक्मिणीचं रूप प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र यानं ‘रुप्पिणी’ असं दिलं आहे. म्हणजे रखमा हे नाव त्या वाटेनं झिजत आलेलं नाही. संस्कृत नाव पुन्हा उचललं आणि जोडाक्षर तोंडात फुटलं: रुक्मा, रुखमा, रखमा, जसं रत्नचं रतन, भक्तचा भगत. तेव्हा या दोघींत लोकांच्या जिभेवर जास्त मुरलेली राहीच.

राधा तत्सम, म्हणजे संस्कृतातून जशीच्या तशी आलेली, म्हणून ती कधी जुनाट वाटली नाही. रखमा मात्र नाटका-सिनेमांनी मोलकरणीला देऊन टाकली, हे फार वाईट झालं. लहानपणी लावून दिलेल्या लग्नातल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारून कोर्टात ठाम राहिलेल्या आणि पुढे लंडनला शिकून डॉक्टर झालेल्या रखमाबाई (१८६४–१९५५) याच नावाच्या. आणि राहीला ‘फॅशनचं नाव’ म्हणणाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवाव्यात, देशी बियाण्यांसाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झालेल्या. सह्याद्रीच्या त्या डोंगराळ मुलखात नाव ठेवताना कुणी हिंदी गाणी धुंडाळली नव्हती.

बारशाला अर्थ विचारला तर ‘राधिका’ सांगा. आणि लिहिताना ‘ही’ दीर्घच.